अबकारी खात्याच्या नजरेतले यकृत

आनंदनगर म्हणजे अंबरनाथ पूर्वेची अतिरिक्त एमआयडीसी. रसायने, औषधे, प्लास्टिक, इंजिनिअरिंग अशा छोट्यामोठ्या कारखान्यांची ही वसाहत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतून माणसे ओढून घेते. यातल्या एखाद्याच्या पोटात दुखू लागते, पित्ताशयात खडा आहे का ते बघायला सोनोग्राफी होते, खडा काही सापडत नाही, पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: ग्रेड वन फॅटी लिव्हर. त्यावर घरात विचारला जाणारा पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, 'घेतोस का?' असा असतो. घेत नसेल तर 'मग काही नाही, हल्ली सगळ्यांनाच निघतं' म्हणून कागद कपाटात जातो. घेत असेल तर सगळे खापर बाटलीवर फुटते आणि ताटाकडे कोणी बघत नाही. या पट्ट्याने, खरे तर सगळ्याच महाराष्ट्राने, यकृताकडे अबकारी खात्याच्या नजरेने बघायची सवय लावून घेतली आहे. ती सवय लागली कशी, हे पाहिल्याशिवाय ती सुटेल असे मला वाटत नाही.

१९३७ च्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती. डॉ. मंचेरशा गिल्डर हे हृदयरोगाचे नामवंत डॉक्टर. पुढे गांधीजींवर उपचार करणाऱ्यांतही ते होते. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी आली ती त्यांच्या हातून, आणि तीही मद्यविक्रीच्या धंद्यात असलेल्या आपल्याच पारशी समाजाचा रोष पत्करून. हेतूंबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण आरोग्य आणि अबकारी एका टेबलावर आले, की शरीराचे दुखणे आणि मनाचा संयम यांचा हिशेबही एकाच वहीत लिहिला जातो. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच वर्षी ८ ऑगस्टला, महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेल्या आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी भरून गेलेल्या कल्याण कॅम्पला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत उल्हासनगर हे नाव मिळाले. शहर आणि कायदा असे एकाच वयाचे. बराकींच्या मागे, नाल्याकाठच्या झुडपांत, मलंगगडाच्या वाटेवर काळ्या गुळाची आणि नवसागराची हातभट्टी लागली; छापे पडले, पिंपे फुटली, पुन्हा लागली. पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली, तरी परवान्याची पद्धत उरलीच. गंमत अशी, की प्रकृतीच्या कारणासाठी दारू पिण्याचा परवाना द्यायची सोयही या कायद्यातच होती! म्हणजे पिणारा एक तर गुन्हेगार नाही तर रोगी, आणि यकृत बिघडले तर तो पिणाराच असणार, हे समीकरण दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्के बसले.

वैद्यकशास्त्रही याला अपवाद नव्हते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी १९८० साली वीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची यकृते हुबेहूब दारुड्याची दिसत होती आणि माणसे मात्र दारू पीत नव्हती. बहुतेक जाड, अनेकांना मधुमेह. तोवर असा रुग्ण समोर आला की 'हा खोटे बोलतो आहे' असाच डॉक्टरांचा ग्रह व्हायचा. लुडविग यांच्या निबंधानंतरही जवळजवळ चाळीस वर्षे या आजाराचे निदान वजाबाकीनेच होत राहिले: दारू नाही, कावीळ बी-सी नाही, औषधांचा परिणाम नाही, मग उरला तो हा. २०२३ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही रीत बदलली. आता यकृतात चरबी आहे आणि सोबत कंबरेचा घेर किंवा वजन, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, चांगले कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक गोष्ट बिघडलेली आहे, एवढे पाहून निदान होते. दारूही आहे आणि हेही आहे, अशा माणसांसाठी त्यांनी वेगळा गट केला. म्हणजे जगाने अबकारी चष्मा आत्ताआत्ता कुठे उतरवला.

महाराष्ट्राला मात्र तो फार आधी उतरवता आला असता, कारण तो उतरवायला लावणारी गोष्ट पुण्यातच घडली होती. लहान मुलांचे यकृत कठीण होत जाऊन ती दगावतात असा एक आजार भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होता. पुस्तकांत त्याचे नाव इंडियन चाइल्डहूड सिरोसिस. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले, पोट फुगलेले, यकृत हाताला धारदार लागणारे, एकाच घरात एकामागून एक भावंडे जाणारी. त्यामुळे रक्ताचा दोष असावा, असे म्हटले गेले. विषाणू, बुरशीचे विष असे तर्कही झाले. यातली एकही शक्यता दारूची नव्हती, हे उघडच आहे. यकृतात तांबे अफाट साठलेले आढळले तेव्हा शोधाला दिशा मिळाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत आजारी मुलांच्या घरची विचारपूस केली: बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले. उत्तर स्वयंपाकघरातल्या फडताळावर होते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात गाईम्हशीचे दूध तापवून ठेवले, की दुधातले केसीन भांड्याचे तांबे धरून ठेवते, आणि ते तान्ह्या यकृताच्या आवाक्याबाहेर जाते. आईच्या दुधावर असलेली मुले बचावत होती. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये हा निष्कर्ष आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आजार जवळपास नाहीसा झाला. दुधाचे भांडे बदला हा सल्ला त्याला कारण होताच, आणि घरोघरी पितळ मोडीत घालून स्टील आले, दारावर येणारा कल्हईवाला दिसेनासा झाला, हेही होतेच. इथे लक्षात ठेवायचे ते हे, की एका जीवघेण्या यकृतविकाराचे कारण आईच्या निष्काळजीपणात किंवा कुळाच्या रक्तात शोधत बसलो असतो, तर भांडे तसेच राहिले असते.

फॅटी लिव्हरचे 'भांडे' एवढे सुटे सापडत नाही, हे मान्य. तरीही शोध त्याच दिशेने घ्यायला हवा, याला पुरावा आहे. यकृतातली चरबी हा सुखवस्तूंचाच रोग नव्हे, हे बालरोगतज्ज्ञांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिसले होते: प्रथिनांच्या अभावाने सुजलेल्या, क्वाशिओर्कोर झालेल्या मुलांची यकृते चरबीने गच्च भरलेली असत. त्याच केईएममधले चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळपास तेवढीच, उणे होते ते स्नायू आणि अवयव. २००४ साली याज्ञिक यांनी आपल्या इंग्रज सहकाऱ्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी गरोदरपणाने घडवलेले हे शरीर. त्यात चरबी सुरक्षित ठेवायची जागा कमी, म्हणून थोडेसे जास्त झाले की ती पोटात आणि यकृतात उतरते. मुंबईतल्या दोन रेल्वे वसाहतींत दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ना श्रीमंत ना कंगाल अशा त्या वस्तीत सहांपैकी एकाच्या यकृतात चरबी निघाली. बंगालमधल्या बीरभूमच्या खेड्यांतून २०१० साली आलेल्या अभ्यासात तर फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांचे वजन रूढ अर्थाने जास्त नव्हतेच. तेव्हा 'मी तर सडपातळ आहे' हे आनंदनगरमध्ये ऐकू येणारे उत्तर यकृताच्या दृष्टीने बिनकामाचे आहे.

आता या पट्ट्यात बदलले काय ते पाहू. गेल्या शतकातले इथले काम अंगमेहनतीचे होते: अंबरनाथची विमको आगपेटी, धरमसी मोरारजीचे गंधकाम्ल, आयुध निर्माणी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, उल्हासनगरच्या बराकीबराकीतले पापड, लोणची आणि शिवणकाम. तेव्हाचे जीवन चांगले होते असे मुळीच नाही. आगपेटीच्या खात्यात दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पाठीला विचारा. पण पोटात गेलेले जळत होते. विमको बंद पडली, जुन्या कारखान्यांच्या जागांवर इमारती आल्या. बदलापूरची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली, आणि या वाढीतला मोठा हिस्सा मुंबईकडे जाणाऱ्यांचा. बदलापूर ते सीएसएमटी अंतर ६८ किलोमीटर. सकाळी सातच्या आत घर सोडायचे, रात्री साडेनऊला परतायचे, मग जेवायचे आणि अर्ध्या तासात आडवे व्हायचे. लोकलमध्ये उभे राहणे हा व्यायाम आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा आठ बेचाळीसच्या गर्दीत श्वास घेऊन पाहावा. आनंदनगरमध्येही ऑपरेटर आता पॅनेलसमोर बसतो, आणि पाळी दर आठवड्याला बदलते.

दुसरा बदल तेलाचा. पन्नासच्या दशकात देशात दरडोई वर्षाला सुमारे तीन किलो तेल खाल्ले जाई. आज ते १९-२० किलोंच्या घरात आहे, आणि निम्म्याहून जास्त तेल आयात होते, त्यात पामतेलाचा वाटा मोठा. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि हातगाडीवरच्या कढईचे अर्थशास्त्रच बदलले. स्वीडनमध्ये उप्साला इथे २०१४ साली झालेल्या प्रयोगात तरुणांना सात आठवडे जादा मफिन खायला दिले, निम्म्यांना पामतेलाचे, निम्म्यांना सूर्यफुलाचे. वजन दोघांचे सारखेच वाढले. यकृतातली चरबी मात्र पामतेलवाल्यांची अधिक वाढली. तरीही एकट्या तेलाला धरणे चूक. यकृतातल्या चरबीपैकी जेवणातल्या चरबीचा थेट वाटा साधारण १५ टक्केच. सुमारे साठ टक्के चरबी अंगातल्या साठ्यातून येते आणि चौथा हिस्सा यकृत स्वतः साखर-पिठापासून तयार करते. म्हणून तेलकट सोडून दिवसाला सहा कप गोड चहा, पाव, बिस्कीट आणि पांढरा भात चालू ठेवणारा माणूस प्रामाणिकपणे पथ्य करतो आणि पुढच्या रिपोर्टमध्ये ग्रेड टू घेऊन येतो.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. पहिला अर्थात दारूचा: या पट्ट्यात दारू प्यायली जातेच, मग तिला निर्दोष सोडायची काय? सोडायची नाही. चरबी असलेल्या यकृतावर दारू पडली की नुकसान बेरजेचे नसते, गुणाकाराचे असते. नव्या वर्गीकरणातला वेगळा गट त्यासाठीच आहे. आक्षेप दारूला दोष देण्यावर नाही, दारू नसली की चौकशी थांबवण्यावर आहे. दुसरा आक्षेप रसायनांचा, आणि आनंदनगरात तो जास्त वजनदार. व्हायनिल क्लोराइडच्या कारखान्यांत काम केलेल्या अमेरिकी कामगारांत, जाड नसतानाही, फॅटी लिव्हरचा दाह आढळला आहे. डायमिथाइलफॉर्मामाइडसारखे विद्रावक यकृताला घातक आहेत हे जुने ज्ञान आहे. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणावर 'वनशक्ती' संस्थेला हरित लवादापर्यंत जावे लागले, ते उगाच नव्हे. पण या आक्षेपाने माझे म्हणणे मोडत नाही, उलट पक्केच होते: इथेही कारण माणसाच्या चारित्र्यात नाही, त्याच्या भोवताली आहे. ज्याचे हात विद्रावकात असतात, त्याच्या ताटाचा आणि मास्कचा विचार एकत्रच करावा लागेल.

तिसरा आक्षेप असा, की रोग वाढलेला नाही, सोनोग्राफीची यंत्रे वाढली. यात अर्धे सत्य आहे. तपासणारा डॉक्टर पडद्यावर यकृताची छटा उजव्या मूत्रपिंडाशी लावून बघतो. यकृत त्याहून पांढरे दिसले तर चरबी. डोळ्याचे काम असल्याने एकाचा ग्रेड वन दुसऱ्याचा नॉर्मल होऊ शकतो. पण साधी सोनोग्राफी चुकते ती बहुधा उलट्या बाजूला: यकृतात पाच टक्क्यांहून जास्त चरबी म्हणजे आजार, आणि सोनोग्राफीला ती साधारण वीस-तीस टक्के झाल्यावरच नीट दिसते. शिवाय ग्रेड हा चरबीचा असतो, व्रणांचा नव्हे. ग्रेड वनवाल्याचे यकृत आतून कठीण होत असू शकते आणि ग्रेड थ्रीवाल्याचे नसू शकते. हे कळायला साध्या रक्ततपासणीवरून करता येणारा एक स्वस्त हिशेब आहे, फिब-४ नावाचा. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. समजा वय ४५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट अडीच लाख म्हणजे २५०. तर ४५ गुणिले ४० म्हणजे १८००, भागिले २५० गुणिले ८ म्हणजे २०००; उत्तर ०.९. १.३ च्या खाली, म्हणजे तूर्त चिंता कमी. त्याच माणसाचा एसजीओटी ७० आणि प्लेटलेट १ लाख ३० हजार असते, तर उत्तर ३ च्या वर गेले असते आणि त्याला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे लागले असते. सोनोग्राफीच्या कागदावर दोघेही ग्रेड वनच राहिले असते.

चौथा आक्षेप सर्वांत जुना: शेवटी तोंडावर ताबा ठेवायचा तो माणसानेच ना? हो, आणि त्याचे फळही मिळते. वजन पाच टक्क्यांनी उतरले की यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी उतरले की दाह ओसरतो, त्याहून जास्त उतरले तर व्रणही मागे हटू शकतात. ७० किलोच्या माणसाला सात ते दहा टक्के म्हणजे पाच ते सात किलो. अशक्य नाही. पण ताबा ठेवा म्हणणे आणि ताबा ठेवता येईल अशी वेळ व जेवण हाताशी असणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात बाजार शिरतो. कावीळ उतरवणारी झाडपाल्याची औषधे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९५५ पासून लिव्ह.५२ ची गोळी घराघरांत आहे. 'लिव्हर साफ करणारे' काढे आता मोबाइलवर मिळतात. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा प्यायलेल्या सहा जणांना यकृताचा दाह झाल्याचे मुंबईच्या आभा नगरल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तरी नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे समीकरण तेव्हापासून डळमळीत झाले आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने फॅटी लिव्हरला मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले, ही त्या मानाने कमी गाजलेली पण जास्त कामाची गोष्ट. कारण फॅटी लिव्हरचे बहुतेक रुग्ण यकृताने जात नाहीत, त्यांच्यातले सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात.

हे सगळे आनंदनगरात उतरायचे कुठे? भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून घातक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. त्या तपासणीत रक्त घेतले जाते तिथे प्लेटलेट, एसजीओटी, एसजीपीटी मोजून वर मांडलेला हिशेब करायला कारकुनाला दोन मिनिटे लागतील. कंबरेला टेप लावायला त्याहून कमी. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा. जेवणाचे मात्र अवघड आहे. १९४८ च्या कायद्याने कॅन्टीन सक्तीचे केले ते २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला. लहान युनिटांची वसाहत त्यात बसत नव्हती, म्हणून जेवणाची सुट्टी गेटबाहेरच्या टपरीवर, वडापाव आणि कटिंगवर निघते. २०२० च्या कामगार संहितेने ही मर्यादा १०० वर आणली आहे, कंत्राटी कामगारांना धरून. तरीही ४०-५० माणसांची कित्येक युनिटे बाहेरच राहतील. एका गल्लीतल्या सहा-सात कारखान्यांनी मिळून एक खानावळ चालवायची, तिथे भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक टपरीच्या दरात मिळेल असे बघायचे, यात कायद्याची आडकाठी कुठेच नाही.